अक्कांचं ‘याके?’

ज्यांनी आज फोटोला हार घातला, त्यांनीच अक्कांचा नियम मोडीत काढला.

मालनअक्कांना जाऊन आज वर्ष झालं. ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये फोटो, समई, मॅनेजरसाहेबांचं भाषण. "अक्का म्हणजे क्वालिटी!"

मला तिथे उभं राहवेना.

बंगळुरूच्या पीण्यातल्या कारखान्यांत पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. अक्कांचा नियम एकच: दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय कोड मशीनवर जायचा नाही.

त्या स्वतः वाचायच्या. खटकलं की रिव्ह्यूमध्ये एकच शब्द. "याके?"

कन्नडमध्ये ‘का?’ अक्कांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण भांडण कन्नडमधूनच.

पुण्याहून नवी आले तेव्हा मी एक ओळ उडवली. बटण दाबल्यावर प्रेस पाव सेकंद थांबायचा, ती ओळ. शेरा लिहिला: ‘कोड साफ केला.’

"याके?"

"अक्का, मशीन उगाच थांबतंय."

"कुणासाठी थांबतंय, विचारलंस?"

"नाही."

"सरी, बरं. हेल्मेट घे, बस मागे."

स्कूटरवरून थेट पीण्या. प्रेसवरचे कामगार शिवण्णा पत्रा सरकवत होते, बटण दाबत होते. त्या पाव सेकंदात त्यांचा उजवा हात बाहेर येत होता.

"बघ गं. तुझं ‘उगाच’ त्यांच्या बोटांएवढं आहे."

परत येऊन ओळ जागेवर ठेवली. तिच्या वर अक्कांनी कारण लिहायला लावलं. "काय केलंस ते कोड सांगतो. का केलंस ते तू सांग."

अक्का गेल्या आणि महिन्याभरात साहेबांनी रिव्ह्यू बंद केला. "स्वल्प फास्ट जाऊया. टूल तपासतंच की!"

टूल सुटलेला कंस पकडतं हो. शिवण्णांचा हात त्याला ठाऊक नाही!

गेल्या मंगळवारी तीच ओळ पुन्हा उडाली. वरच्या कारणासकट. शेरा तोच: ‘कोड साफ केला.’ सगळ्या टेस्ट पास, हिरव्यागार.

मशीनवर जायच्या आधी मला दिसलं, ते निव्वळ योगायोगाने. ओळ परत ठेवली.

साहेब म्हणाले, "पकडलंस ना? मग झालं."

नाही झालं! योगायोगाच्या भरवशावर माणसाचा हात ठेवायचा?

आज हार घालून झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं: रिव्ह्यू परत सुरू होईपर्यंत एकाही रिलीजवर माझी सही नाही.

साहेब वैतागले. "याके?"

वर्षभरात ऑफिसात तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

म्हटलं, उद्या सकाळी पीण्याला चला, सांगते. हेल्मेट आणा.

अक्का, हार उद्या सुकेल. ओळ जागेवर आहे.

नमस्कार.