गिटारवाल्याचा कॉर्नब्रेड

ऐंशीच्या दशकात आम्ही ओहायोत, डब्लिनला राहत होतो. तिथे दर शनिवारी सकाळी टीव्हीवर एक गिटारवाला स्वयंपाक करायचा आणि माझं डोकं उठवायचा. माणूस अमेरिकेच्या दक्षिणेकडचा, पदार्थही तिकडचे घरगुती. पीठ कालवता कालवता मध्येच हात पुसून गिटार घ्यायचा, आणि पीठ किती, मीठ किती, हे नेमकं गाण्यात राहून जायचं. "माझी आई घालायची तेवढं घाला," म्हणायचा. अरे बाबा, तुझी आई मी कुठे पाहिलीय? पण माझी दहा वर्षांची मुलगी त्याच्यावर बेहद्द खूश होती.

एका शुक्रवारी तिच्या शाळेत प्रत्येकाने घरून एक पदार्थ न्यायचा होता. तिने मला बजावलं, "आई, त्याच्यासारखा कॉर्नब्रेड कर. इंडियन काही नको, प्लीज. स्मेल येतो." स्मेल येतो म्हणे. त्याच स्मेलवर एवढी मोठी झालीस ना? मला लागलं ते, पण करायला घेतलं.

पहाटे उठून मक्याचं पीठ ताकात कालवलं. लोखंडी तव्यात चरबी धूर येईपर्यंत तापवायची आणि त्यावर पीठ ओतायचं, एवढं मात्र त्याने धड सांगितलं होतं. चरबी आमच्या घरात येणं शक्य नव्हतं, म्हणून मी तेल घातलं. तेल तापलेलं दिसलं आणि माझा हात आपसूक मिसळणाच्या डब्याकडे गेला. मोहरी तडतडली, हिंग पडला, तेव्हा कुठे मी भानावर आले. पुन्हा करण्याइतकं पीठ उरलं नव्हतं. तसंच ओतलं, ओव्हनमध्ये भाजलं आणि फॉइलमध्ये गुंडाळून दिलं. तिने वास घेतला आणि दप्तर उचललं.

दुपारी पुडकं जसंच्या तसं परत आलं. फॉइलची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"मी टीचरला सांगितलं, माय मॉम फर्गॉट," ती म्हणाली.

विसरले? मी? मला संताप आला, आणि त्याहून जास्त रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टीव्हीसमोर बसून तोच कॉर्नब्रेड मोहरीसकट खात होती. गिटारवाला सगळ्या देशाला आपल्या आईच्या हातच्या चवीबद्दल सांगत होता. माझ्याने राहवेना. "शाळेत उघडायची लाज वाटली, आणि आता बरा लागतोय?"

तिने पडद्यावरची नजर हलवली नाही. भरल्या तोंडाने म्हणाली, "आई, श्श. ही इज टॉकिंग अबाउट हिज मॉम."