एकोणिसावी खोली

बोलीताईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे तिची आई. बाकी सगळ्या गल्लीला ती बोलीताई. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बाजूला एक टेबल, एक म्हातारा लॅपटॉप आणि फोन चार्ज करायला एक प्लग, एवढ्यावर तिचा धंदा चालायचा. लोकांना स्वस्तात हॉटेलची खोली मिळवून द्यायची आणि त्यांचे जेवढे पैसे वाचतील त्यातला दहावा हिस्सा आपण घ्यायचा. पाच वाचले तरी दहावा, पाचशे वाचले तरी दहावा.

सवलतीच्या साइटी सगळेच बघतात, पण बोली लावायची साइट बघून भलेभले घाबरतात. तिथे हॉटेलचं नावच दिसत नाही. कुठल्या भागात आहे, किती तारे आहेत आणि काय काय सोयी आहेत, एवढंच लिहिलेलं असतं. आपण आपला आकडा टाकायचा. हॉटेलवाल्याने आत कुठेतरी आपला तळाचा आकडा लपवून ठेवलेला असतो. आपली बोली त्याच्या वर गेली की पैसे तिथल्या तिथे कापले जातात आणि मग नाव कळतं. नाव आवडलं नाही, तर बसा हात चोळत. रद्द नाही, परत नाही.

बोलीताईला मात्र नावं कळायची. सोयींची यादी वाचून ती हॉटेल ओळखायची, पावलांच्या आवाजावरून घरातलं माणूस ओळखावं तशी. इस्त्री आहे पण लिफ्ट नाही, म्हणजे बाजारातलं. न्याहारी आहे, कुत्रं चालतं, म्हणजे नदीपलीकडचं. आणि गावाच्या ऐन मध्यावर, तीन तारे, टेनिस कोर्ट, असं दिसलं की तिच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक यायची. त्या हॉटेलात टेनिस कोर्ट नव्हतं. कधीच नव्हतं. तळघरात टेबल टेनिसचं एक मोडकं टेबल होतं, आणि सोळा वर्षांपूर्वी साइटचा फॉर्म भरताना काउंटरवरच्या नव्या मुलीने चुकून भलत्याच चौकोनात खूण केली होती. ती नवी मुलगी म्हणजे हीच.

त्या काउंटरमागे तिने तेरा वर्षं काढली. शेवटच्या वर्षी मालकांनी हॉटेल आपल्या जावयाच्या हाती दिलं. हॉटेलातले सगळे त्याला पाठीमागे जावईबापू म्हणत आणि तोंडावर साहेब. जावईबापूला हॉटेलातलं एकच काम मनापासून जमायचं, लॉबीत उभं राहून लोकांचा पाणउतारा करणं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आईला डोळ्यांच्या दवाखान्यात आणलं होतं. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं आणि चार वाजता परत या म्हणाले. दवाखाना हॉटेलच्या समोरच. एकशे आठ नंबरची खोली रिकामी होती, चादर बदलायची राहिली होती. बोलीताईने आईला तिथे दोन तास आडवं केलं. जावईबापूने नेमकी तीच खोली उघडली. हाताला धरून म्हातारीला लॉबीत आणलं आणि पाहुण्यांसमोर ओरडला, "ही काय धर्मशाळा आहे का?" म्हातारीला धड दिसत नव्हतं. एक चप्पल पायात आणि एक हातात, अशी ती त्या गोल फिरणाऱ्या काचेच्या दारातून बाहेर पडली, तीही दोनदा आतल्या आत फिरून. आठ दिवसांनी बोलीताईचीही नोकरी गेली. कारण काय, तर ओळखीपाळखीच्यांना फुकट खोल्या वाटते.

ही गोष्ट बोलीताईने झेरॉक्सवाल्या काकांना शंभरदा सांगितली होती, गिऱ्हाइकांना सांगितली होती, दूधवाल्यालाही सांगितली होती. दर वेळी सांगताना मधलं एक वाक्य ती गाळायची. इतक्या सराईतपणे गाळायची की शेवटी ते वाक्य नव्हतंच, असं तिलाही वाटायला लागलं होतं.

आणि तीन वर्षं ती सूड घेत होती. तळाचा आकडा तिला ठाऊक होता, कारण तो तिनेच भरला होता. दुपारी चारनंतर जी खोली रिकामी राहील ती या आकड्याला सोडायची, असा जुन्या मालकांचा हुकूम होता. जावईबापूला ते पान कुठे उघडतात हेच माहीत नव्हतं. साइट आपल्याला लुटते, एवढंच तो चडफडत सांगायचा. बोलीताई त्याच्याकडे निवडून निवडून माणसं पाठवायची. ज्याच्या घोरण्याने शेजारच्या दोन खोल्या जाग्या राहतील तो विक्रेता. न्हाणीघरात महिन्याचे कपडे धुणारं कुटुंब. साबण, टॉवेल आणि जमलं तर पडद्याची दोरीसुद्धा बॅगेत घालणारे एक निवृत्त हेडमास्तर. हेडमास्तरांना तर ती दहावा हिस्साही माफ करायची.

"ताई, किती दिवस डूख धरून बसणार?" काका विचारायचे.

"त्याची जिरेपर्यंत," ती म्हणायची.

पण तिला खरं हवं होतं ते हे नव्हे. तिला हवं होतं की आईने त्याच दारातून आत जावं आणि जावईबापूने आपल्या हाताने तिला किल्ली द्यावी. तीही पाचशे एक नंबरची. पाचव्या मजल्यावरची ती कोपऱ्यातली मोठी खोली पहिल्यापासून मालकांची; जावईबापूही ती सासऱ्यांसाठी राखून ठेवायचा, विकायचा नाही. आणि किंमत तळाचीच. पूर्ण दर मोजून त्याच्या हॉटेलात पाय ठेवणं म्हणजे आपणच आपलं नाक कापून घेणं, असं तिचं ठाम मत होतं.

आता मात्र वेळ उरला नव्हता. आईला एक्याऐंशी वर्षं झाली होती, घराचे तीन जिने चढवत नव्हते. थोरला भाऊ सोमवारी गाडी घेऊन येणार होता आणि आईला कायमची आपल्याकडे नेणार होता.

शनिवारी पंपवाले आले. पाण्याचे पंप विकणारे पस्तीस विक्रेते, त्यांचं वर्षाचं संमेलन गावात होतं आणि खोल्या शोधायचं काम बोलीताईकडे. दोघांत एक खोली, म्हणजे अठरा खोल्या. त्या हॉटेलात विकायच्या खोल्या बरोब्बर अठरा, आणि शनिवारी तिथे कुणीच उतरत नसे. पण फॉर्म भरताना त्या नव्या मुलीने आणखी एक घोटाळा केला होता. पाचशे एकही तिने विकायच्या खोल्यांत मोजली होती. साइटला वाटत होतं की या हॉटेलात एकोणीस खोल्या आहेत. सोळा वर्षांत हॉटेल एकदाही पुरतं भरलं नाही, म्हणून हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

चार वाजता बोलीताईने लॅपटॉप उघडला. पंपवाले दुकानाबाहेर चहा पीत उभे होते. एका वेळी नऊ खोल्यांची बोली लावता येते. गावाचा मध्य, तीन तारे, टेनिस कोर्ट. नऊ खोल्या, तळाच्या आकड्यापेक्षा एक जास्त. लागली. पुन्हा नऊ. लागली. पंपवाल्यांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. इतक्या स्वस्तात लिफ्टचं हॉटेल त्यांना जन्मात मिळालं नव्हतं.

मग तिने आईच्या नावाने एकच खोली मागितली. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. दुसऱ्या कुणी मधेच टाकली असेल का बोली? जावईबापूने आज नेमकं ते पान उघडलं असेल का? तिने पदराने कपाळ पुसलं. काका झेरॉक्स थांबवून मागे येऊन उभे राहिले. चक्र थांबलं. बोली स्वीकारली, पैसे कापले, आणि खाली हॉटेलचं नाव आलं. तेच.

"काका," ती म्हणाली, "आता बघा गंमत."

ती घरी गेली आणि आईला म्हणाली, "चांगलं लुगडं नेस, एका ठिकाणी जायचंय." आईने कुठे म्हणून विचारलं नाही. रिक्षातून उतरल्यावर गोल दाराची फुरफुर कानावर पडली तशी ती जागीच थांबली. क्षणभर काठी टेकून उभी राहिली आणि मग मुलीचा हात न धरता आत गेली.

लॉबी पंपवाल्यांनी भरली होती. काउंटरवर स्वतः जावईबापू उभा, घामाघूम. बोलीताईने फोनवरची पावती पुढे केली आणि फॉर्म भरला. 'सोबतच्या व्यक्तीशी नातं' या रकान्यात तिने ठळक अक्षरांत 'आई' लिहिलं.

"बाई, खोल्या संपल्या," जावईबापू म्हणाला.

"पाचशे एक आहे ना."

"ती विकायची नाही. उद्या सासरेबुवा येताहेत."

"साहेब, साइटवर तुमच्या एकोणीस खोल्या आहेत. सोळा वर्षं आहेत. तुम्ही कधी उघडून पाहिलं नाही." आता तिचा आवाज चढला. "आणि बोली लागलेल्या पाहुण्याला परत पाठवलं, तर साइट महिनाभर तुमचं हॉटेल दाखवणार नाही. तो नियम तुमच्या मागेच चिकटवलाय. अक्षर माझंच आहे."

जावईबापूने मान वळवून पाहिलं. पिवळा पडलेला कागद अजून तिथेच होता. पंपवाले काउंटरपाशी सरकले. पस्तीस माणसं आपल्याकडे बघताहेत, हे त्याला कळलं. बोलीताईला इतकं बरं वाटलं की तिला तिथेच खुर्ची ओढून बसावंसं वाटलं. तीन वर्षं घोकलेलं भाषण ओठांवर आलं होतं.

पण जावईबापूही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने फॉर्म उचलला, रकाना वाचला आणि सावकाश हसला.

"आई? त्या दिवशी मी तुम्हाला चारचौघांत विचारलं होतं, बाई, ही कोण. आठवतंय ना काय सांगितलंत?"

बोलीताईचं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"ओळखीच्या आहेत साहेब, चुकून खोलीत शिरल्या असतील," त्याने तिच्याच आवाजात म्हणून दाखवलं. "आई आहे म्हणाला असतात तर मी काय दगड होतो?"

हेच ते गाळलेलं वाक्य. नोकरी वाचवायला ती बोलली होती, आणि नोकरी वाचली नव्हती. तिला आईकडे बघवेना.

मागून काठी फरशीवर आपटली.

"आई आहे म्हणाली असती, तर काय केलं असतंत?" म्हातारीने विचारलं.

जावईबापू गडबडला. "म्हणजे... निदान पाणी तरी विचारलं असतं, आजी."

"मग आता विचारा. आणि किल्ली द्या, माझे पाय दुखताहेत."

पंपवाल्यांत कुणीतरी फस्सकन हसलं. जावईबापू स्वतः कूलरपाशी गेला, पेला भरून घेऊन आला, आणि दुसऱ्या हाताने किल्ली दिली. म्हातारीने सगळं पाणी संपवलं. घाई केली नाही.

पाचशे एकच्या खिडकीतून समोरचा डोळ्यांचा दवाखाना दिसत होता. आई पलंगाच्या मधोमध बसली, गादी दाबून बघितली, दोन्ही चपला काढून शेजारी शेजारी नीट ठेवल्या. बोलीताई दाराशीच उभी होती. सगळं ठरवल्यासारखं झालं होतं, आणि तिला रडू फुटत होतं.

"तुला ऐकू आलं होतं?" तिने कसंबसं विचारलं.

"औषध डोळ्यांत घातलं होतं, कानात नव्हतं."

"मग तीन वर्षं बोलली का नाहीस?"

"तू रोज उठून त्याला शिव्या घालत होतीस. मी म्हटलं, बघू, स्वतःपर्यंत कधी येतेस." आईने उशी पाठीशी घेतली. "मी विसरलेले नाही हो. सोमवारी जाईन, तिकडेही नाही विसरणार. त्याने हाकललं त्याचं मला काही नाही, तो कोण माझा? खाली फोन लाव आणि चहा सांग. कुणासाठी ते नीट सांग."

बोलीताईने फोन उचलला. पलीकडे जावईबापूच होता.

"पाचशे एकमधून बोलतेय. माझ्या आईला चहा हवाय."

"मोठ्याने," आई म्हणाली.

"माझ्या आईला चहा हवाय!"

 पलीकडून जावईबापूने काहीतरी विचारलं.

"काय म्हणतो?"

"दोन पाठवू का, विचारतोय."

आईने मुलीकडे नीट पाहिलं. औषध कधीच उतरलं होतं, आता तिला सगळं स्वच्छ दिसत होतं.

"एकच सांग," ती म्हणाली.

बोलीताईने फोन दोन्ही हातांनी धरला. "एकच," ती म्हणाली. "फक्त माझ्या आईला."