पाटा, फोन आणि हातोडा

पाट्याला टाकी लावणारी बाई दारात बसली होती. गुळगुळीत झालेल्या आमच्या पाट्यावर छिन्नी धरून ती हातोडा असा हाणत होती, की कपच्या उंबऱ्यापर्यंत उडत होत्या. मला बघून बरं वाटत होतं. सकाळपासून मलाही काहीतरी फोडायचंच होतं.

माझा फोन जरा वेगळ्या जातीचा, गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. त्यातलं कामांची आठवण करून देणारं ॲप पुन्हा मुकं राहिलं आणि आईची डोळे तपासायची वेळ टळली. ती बिचारी साडी नेसून माझी वाट बघत बसून राहिली. ॲपवाल्यांना चिडून लिहिलं, तर उत्तर आलं, 'तुमचा फोन वापरणारे फार थोडे आहेत. त्यांच्यासाठी सुधारणा करणं परवडत नाही.' थोडे म्हणजे काय, माणसं नव्हेत? तेव्हापासून मी दातओठ खात होतो.

"मावशी, या गल्लीत पाटा आता आमच्याच घरी उरलाय," मी त्या बाईला म्हणालो. "एका घरासाठी कशाला येता?"

हात न थांबवता ती म्हणाली, "पाटा हाय न्हवं घरात? मग यायला नको?"

मी खिशातला फोन काढून पाट्यावर ठेवला.

"मावशी, आता इथं हाणा."