उघडून ठेवलेली नोटीस

परभणीत कर सल्लागार म्हणून बसायला लागलो तेव्हापासून एक गोष्ट मी बिनदिक्कत करत आलो. पक्षकाराचं नाव आयकराच्या पोर्टलवर नोंदवायचं आणि ई-मेल माझा टाकायचा, मोबाईल नंबरही माझाच. इथं सगळेच तसं करतात. लोकांनाही तेच हवं असतं. "तुमचंच टाका साहेब, आमाला कुठं कळतंय त्यातलं," म्हणतात, आणि आपल्यालाही बरं वाटतं. मी गप्प राहिलो तर सरकारचा शब्द त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही, हे मला नीट माहीत होतं. तरी एका बाईच्या बाबतीत मी दोन वर्षं गप्प राहिलो. हे मी घरातही कधी बोललो नाही.

बाई पिंगळीकडची. कापूस निवडायला जिनिंगवर बायकांची टोळी पुरवायची. नवरा मुकादम होता. तो गेल्यावर हिनं टोळी मोडू दिली नाही. जिनिंगवाले पैसे बँकेत टाकायचे, ही आठवड्याला बायकांना रोख मजुरी वाटायची, आणि स्वतःच्या हाती थोडंच उरायचं. एका वर्षी आयकर खात्यानं विचारलं, एवढ्या रोख मजुरीला पुरावा काय? विचारणं रास्त होतं. पुराव्याच्या वह्या तिच्याकडं होत्या. नोटीस माझ्याकडं होती.

ती मी उघडली. नजरचुकीनं राहिली नाही, कुठं हरवली नाही, हे स्पष्ट लिहितो. ऑडिटचे दिवस होते, मोठ्या दुकानदारांच्या फायली टेबलावर पडलेल्या, आणि हिची फी सगळ्यात कमी. सोमवारी बघू म्हटलं. असे बरेच सोमवार गेले. दुसरी नोटीस आली तेव्हा पहिलीची लाज वाटत होती, म्हणून तीही तशीच ठेवली. शेवटी एकतर्फी आदेश झाला: मजुरीचा सगळा खर्च नामंजूर. बायकांच्या हातात गेलेला पैसासुद्धा हिचा नफा धरला गेला. "वर अपील करू, तिथं सुटतं," असं तिला सांगून मी अपील केलं. त्याच्या नोटिसा तर मला उघडवेनातच. तेही अपील फेटाळलं गेलं आणि मी तिला सांगितलं नाही. करवसुलीसाठी बँकेनं तिचं खातं गोठवलं तेव्हा तिला कळलं. तोवर पुढच्या अपिलाची मुदत उलटून सात महिने झाले होते.

"कापूस यायलाय," ती एवढंच म्हणाली. "खातं बंद हाय म्हणल्यावर बाया थांबत्यात का? दुसऱ्याच्या टोळीत जातील."

पुण्याच्या आयकर न्यायाधिकरणात जायचं तर उशिराचं कारण शपथेवर द्यावं लागतं. मी तिच्या नावानं लिहिलं, दीर्घ आजारपण. आमच्या धंद्यात हे कारण चालतं. सहीला आली तेव्हा म्हणाली, "वाचून दावा." मी वाचलं.

"मी कधी आजारी व्हते साहेब?"

"तसं लिहावं लागतं, ताई."

"महा कामावरचा एक खाडा दावा. टोळीतल्या बाया लय हसतील. मुकादमीण सात महिने बाजंवर व्हती, मंग आमच्यावर वरडत कोण व्हतं म्हणतील."

ती हसत होती. हसता हसता सहज विचारलं, "खरं काय झाल्तं?" आणि मी सांगून टाकलं. नोटिसा आल्या होत्या. मी पाहिल्या होत्या. तुमच्याशी खोटं बोललो.

समोरच्या कागदाची ती घडी घालत बसली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "मंग हेच लिव्हा. पर तुमच्या नावानं. मह्या नावावर कशाला?"

चार ओळींचं शपथपत्र, त्याला मला दोन दिवस लागले. हे लिहून दिलं की धंदा बसला, असं वाटत होतं.

सुनावणीला तीही आली, मागच्या खुर्चीवर बसली. आमचा नंबर पुकारला. दोन सदस्यांपैकी ज्येष्ठ होते त्यांनी माझं शपथपत्र वाचलं, पान उलटलं, परत मागं जाऊन वाचलं.

"नोटीस तुम्ही उघडली होती?"

"हो सर."

"यांना कळवलं नाही?"

"नाही सर."

आता माझं काही खरं नाही, असं वाटलं. पण ते माझ्यावर थांबलेच नाहीत. खात्याच्या प्रतिनिधीला त्यांनी विचारलं, "या सबंध फायलीत या बाईंचं म्हणणं कुठं आहे?" त्या गृहस्थानं पानं चाळली. हवं तर मुदतीवर भांडता आलं असतं त्याला. फाईल मिटून तो म्हणाला, "कुठंच नाही सर."

अपिलाच्या प्रत्येक मसुद्यात 'नैसर्गिक न्याय' हे शब्द मी वीस वर्षं चिकटवत आलोय, जुन्या मसुद्यातून उचलून. त्या शब्दांसाठी एक अख्खं दालन असं थांबतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. ज्येष्ठ सदस्य मागं बघत हिंदीत म्हणाले, "आपकी बात किसी ने सुनी नहीं. अब सुनी जाएगी."

ती उठून उभी राहिली. "वह्या लाऊँ क्या साब?"

"अफसर को दिखाइए," ते हसून म्हणाले.

जुना आदेश रद्द झाला, खातं सुटलं, टोळी जिनिंगवर गेली. फेरसुनावणी माझ्या ऑफिसातून व्हिडिओवर झाली. पडद्यावरचा अधिकारी कुठल्या गावचा, कोण जाणे. वह्यांत मजुरी घेतल्याचे बायकांचे अंगठे होते; ते बघून त्यानं विचारलं, "अंगठे तर सगळे सारखेच दिसतात. कुणाचा कोणता, कसं ओळखता?"

अंगठ्याशेजारी पेनानं काढलेली बारीक चित्रं तिनं दाखवली. टोळीत येणारी प्रत्येक बाई पहिल्या दिवशी आपली खूण ठरवते: चूल, विळा, कंगवा, पिंपळपान. एकीची खूण दुसरी घेत नाही.

"हा कोंबडा कुणाचा?"

"ती साहेब, समद्यांच्या आदी येती. आन् मंग समद्यांना उठवती."

अधिकाऱ्यानं दुसरं पान काढायला सांगितलं, मग तिसरं. दीड तास तो खुणा विचारत राहिला आणि ती घरं, लेकरं, सासरमाहेर सांगत राहिली. वह्या वर्षानुवर्षं तिच्या पिशवीतून माझ्या दारात येत होत्या. मी बेरजेच्या वर कधी बघितलं नव्हतं.

आदेशात मजुरी मान्य झाली, दोन महिने सोडून. त्या महिन्यांची वही वाळवीनं खाल्ली होती. तेवढा कर मी भरतो म्हणालो.

"तुमी का? वही म्या सांभाळली न्हाई. ते मह्याकून गेलं."

"आणि माझ्याकडून गेलं ते?"

"ते तुमचं तुमच्यापाशी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, माफीही नव्हती. "फी सांगा."

फी नको म्हणालो.

"नको कशी? ह्या खेपंला काम केलं की तुमी."

तिनं पैसे टेबलावर ठेवले. मी ते घेतले आणि पावती फाडून दिली.