अर्धी राहिलेली जाळरेषा : रोह्याच्या वृक्षसंग्रहात तीन दिवस

प्रथम वस्तुस्थिती, घडली त्या क्रमाने. रोहा तालुक्यात, कोलाडपासून फार दूर नसलेल्या एका डोंगरउतारावर महाराष्ट्रातील देशी वृक्षांचा एक संग्रह उभा राहतो आहे. तो एका खासगी विश्वस्त मंडळाचा आहे. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली म्हणून मंडळाने मला दोन कामांसाठी बोलावले: झाडांवरच्या नावपाट्या तपासणे, आणि झाडांची नासधूस झाली असल्यास तसा अभिप्राय देणे. दुसऱ्या कामाचा हेतू मला निघण्यापूर्वीच सांगण्यात आला. संग्रहाची देखरेख करणाऱ्या सुगंधाबाईंना मार्चअखेर कामावरून कमी करायचे होते आणि त्यासाठी जाणकाराची सही हवी होती. मी फेब्रुवारीत गेले. तेथे जे पाहिले ते सहीबरोबरच वाचकांपुढेही ठेवते आहे.

पुण्याहून जाणाऱ्यांनी ताम्हिणी घाट उतरून थेट कोलाड गाठावे. रस्ता देखणा आहे आणि वेळही वाचतो. मी खोपोलीमार्गे पेणला मुक्काम केला, कारण हंगामापूर्वीचे पेण मला पाहायचे होते. गणपतींच्या कारखान्यांत या दिवसांत रंग नसतो. पांढऱ्याफटक मूर्ती रांगेने वाळत असतात आणि त्यांचे चेहरे अजून कोणाचेच नसतात. एका कारागिराला मी विचारले, इतक्या आधी घाई कशाची? तो हातातली मूर्ती घासायची पट्टी न थांबवता म्हणाला, "घाई श्रावणात करतात ते गिऱ्हाईक. आमचा सीझन तवा संपलेला असतो." पोह्याचे पापड घ्यायचे असल्यास स्थानकासमोरच्या पहिल्याच दुकानात घेऊ नयेत, बाजारपेठेत आत शिरावे.

पेण ते कोलाड एसटीने गेले. मुंबई-गोवा महामार्गाविषयी इतके लिहून झाले आहे की मी भर घालत नाही. फक्त पाठीला उशी न्यावी. कोलाडच्या एका खानावळीत तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे मिळाले. बिरड्यात गूळ किंचित अधिक होता, भाकरी निर्दोष होती. पुढे रिक्षा करावी लागते. भाडे आधी ठरवावे आणि परतीची वेळही त्याच माणसाशी पक्की करावी, अन्यथा तुम्ही तेथेच राहता.

सुगंधाबाई फाटकातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या, नऊवारीचा काचा मारलेल्या. "तुम्ही त्या सहीवाल्या बाई?" त्यांनी विचारले. मी म्हटले, मी नावपाट्या तपासायला आले आहे. "तपासा की. पाट्या पळून नाय जायच्या. मी जाईन."

बाग आणि वृक्षसंग्रह यांत फरक आहे, तो येथे जाणाऱ्याने समजून घ्यावा. बागेत झाड शोभेसाठी असते. संग्रहात ते पुरावा असते: कोठून आणले, कधी लावले, कसे वाढले याची नोंद असलेला जिवंत नमुना. हा संग्रह अजून बाल्यात आहे. पूर्वीपासून उभे असलेले ऐन आणि किंजळ सोडले तर बहुतेक झाडे माझ्या दुप्पट उंचीचीही नाहीत. वर्षाचे काम ठरलेले आहे. वैशाखात खड्डे, आषाढात लागवड, भाद्रपदात रोपांभोवतीचे तण काढण्याची बेणणी, दिवाळीनंतर गवतकापणी, आणि गवत कोरडे पडण्याआधी संग्रहाच्या वरच्या कडेने जाळरेषा. म्हणजे गवताचा रुंद पट्टा कापायचा आणि दवाच्या सकाळी तो जपून जाळून टाकायचा, की डोंगरावरून येणाऱ्या वणव्याला पुढे खायला काही उरत नाही.

पाट्या बऱ्यापैकी अचूक निघाल्या. मग अर्जुनापाशी आले आणि माझे डोके फिरले. विदर्भातून आणलेला तो संग्रहातला एकमेव अर्जुन. त्याच्या सगळ्या फांद्या कधीतरी कोयत्याने उतरवलेल्या होत्या, खोडाभर नव्या पालवीचे झुबके फुटले होते आणि टोकाला तेवढा शेंडा राखलेला होता. शेजारच्या ऐनांचीही तीच गत.

"हे कोणी केले?"

"गाववाल्यांनी. गेल्या साली. मीच सांगितलं, घ्या म्हणून."

या भागात भाताचे रोप टाकण्याची जागा आधी भाजतात. तिला राब म्हणतात. त्यासाठी झाडाची पानाळ डहाळी, म्हणजे टहाळ, तोडून वाळवतात, जमिनीवर पसरतात आणि पेटवतात. शेंडा मात्र कोणी तोडत नाही. झाड जगले पाहिजे. हा उतार कुंपण पडण्यापूर्वी गावाच्या टहाळाचाच होता.

"ऐन समजू शकते. पण हा अर्जुन आहे!"

"पान तं ऐनासारखंच हाय."

"खोड पाहा, सुगंधाबाई. ऐनाचे खोड काळे, भेगाळलेले. हे पांढरट, गुळगुळीत."

"पानं तोडायला चढणारा खोड कशाला बघंल?" त्या हसल्या. मी हसले नाही. आजही हसत नाही. असा नमुना एकदा छाटला की त्याच्या वाढीची नोंद शास्त्राच्या कामाची राहत नाही, आणि ज्यांच्या हाती तो सोपवला होता त्यांनी हे जाणून घ्यायला हवे होते. त्या संध्याकाळी माझा अभिप्राय मनात तयार होता आणि तो त्यांच्या बाजूचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या कडेने फिरताना जाळरेषा पाहिली. ती निम्म्यावर संपत होती. त्यापुढे कंबरभर वाळके गवत थेट रोपांना भिडले होते. कारण विचारले तेव्हा सुगंधाबाईंनी सांगितले ते असे: दर वर्षी दिवाळीनंतर गावातली घरटी दोन माणसे येत आणि रेषा कापून, जाळून देत. मजुरी नाही. त्या बदल्यात माघात टहाळ. वणवा आला तर सगळा गाव धावे, कारण टहाळाची झाडे जळून चालत नसत. गेल्या वर्षी मंडळातील कोणीतरी छाटलेली झाडे पाहिली, फाटकावर टहाळतोडीला मनाईचा फलक लागला, आणि यंदा रेषेला कोणी आले नाही. दोन मजूर घेऊन सुगंधाबाईंनी जमेल तेवढी ओढली.

"मंडळाला हे सांगितलेत?"

"फोनवर सांगितलं. ते म्हणले, बघू."

हे बोलणे चालू असतानाच पलीकडच्या डोंगराच्या दांडावर, म्हणजे धारेवर, धूर दिसला. वाऱ्याने तो आमच्याकडे वळवला. सुगंधाबाई कडेला धावल्या आणि खाली गावाकडे तोंड करून ओरडू लागल्या, एकेकीचे नाव घेऊन. "ए शेवंते! ऐकतीस का गो? मेलीस का घरात?" जेथे रेषा होती तेथे आग येऊन थांबली, जणू कोणी दार लावले. जेथे नव्हती तेथून ती आत शिरली. संग्रहावरचे दोन्ही मजूर ओल्या डहाळ्यांनी आग झोडपत होते. मीही एक डहाळी घेतली, उपयोग फारसा झाला नसावा. शेवंता आणि आणखी तीन बाया चढून आल्या. पुरुष आले ते खूप उशिरा, काळवंडलेल्या हातांनी. तोवर वरच्या कडेची साताठ वर्षांची रोपे, खुणेच्या काठ्यांसकट, गेली होती.

उशीर का झाला, हे मी तिसऱ्या दिवशी सकाळी बळीराम नावाच्या शेतकऱ्याला विचारले. तो आपल्या शेतात टहाळाच्या ढिगाला दगडांचा दाब देत होता.

"आग खाली शेताकडंबी उतरली व्हती. आधी ह्यो वाचवला," तो म्हणाला. "यंदा पल्याडच्या डोंगरावरनं डोक्यावर वाहून आणलाय, बाई. ह्यो जळला असता तं राब कशावर भाजू? तुमच्या पाट्यांवर?"

"वर रोपे जळत होती."

"ती कंपाउंडातली. आमची व्हती तवा आम्ही धावलो." मग ढिगावर आणखी एक दगड ठेवत, "सुगंधावहिनीला काढणार म्हनं?"

मी म्हटले, मंडळाचा तसा विचार आहे.

"काढा. मग पुढच्या साली हाकेला पन कोन नसंल."

हा माणूस मला आवडला नाही. जळत्या रोपांकडे पाठ करणे मला कोणत्याही कारणाने क्षम्य वाटत नाही. परंतु तो खोटे बोलत नव्हता.

परतीला रोह्याहून पनवेलची गाडी पकडली. वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवावे, गाड्या मोजक्या आहेत. धरमतरच्या खाडीकडची सपाट खाजणे संध्याकाळच्या उजेडात शिशासारखी दिसत होती. घरी येऊन कपडे दोनदा धुतले तरी धुराचा वास गेला नाही, आणि तो जावा असे मला फारसे वाटतही नाही. माझ्यासोबत राहिला तो एक विचार. मी आयुष्यभर नमुने जपायला शिकवले. नमुना ज्या करारावर उभा असतो तो कसा जपावा, हे माझ्या अभ्यासक्रमात कधी नव्हते.

माझा अभिप्राय मंडळाला पाठवला आहे. त्यात अर्जुन छाटला जाणे ही सुगंधाबाईंची गंभीर चूक असल्याचे नोंदवले आहे. वरची कडा जळण्याचे कारण मनाईचा फलक आणि अर्धी जाळरेषा आहे, हेही तितक्याच स्पष्ट शब्दांत नोंदवले आहे. एकच अर्धा भाग उचलून कोणी माझी सही वापरू नये, म्हणून हे येथे जाहीर लिहिते.

आता विश्वस्तांना माझा प्रश्न. खालच्या कडेचे जुने ऐन आणि किंजळ, जे नमुने नाहीत आणि ज्यांवर पाट्याही नाहीत, ते गावाच्या टहाळासाठी राखून त्या बदल्यात पूर्ण जाळरेषा आपण मागणार आहात काय? आणि डोंगरावरून हाक मारली तर जिच्या नावाने माणसे निदान उशिरा तरी येतात, त्या एकमेव बाईला आपण मार्चअखेर खरोखर काढणार आहात काय? होय किंवा नाही, कारणांसह, विश्वस्तांच्या सहीनिशी कळवावे. दूरध्वनीवरचे "बघू" मी उत्तर समजत नाही. उत्तर लेखी हवे, आणि ते मार्च संपण्यापूर्वी हवे.