भाजलेल्याला पाणी

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सासूबाई धाराशिवला आमच्याकडं राहिल्या होत्या. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. टीव्हीला डॉक्टरांची बंदी, म्हणून दुपारी मी त्यांना वाचून दाखवायची. ग्रंथालयातून अणुबॉम्बवरच्या जपानी कथांचं मराठी भाषांतर आणलं होतं. दुखण्यातून उठलेल्या माणसाला असलं ऐकवायची अक्कल मलाच सुचणार! पण पोथीला त्यांनीच नाक मुरडलं होतं.

पडदे ओढलेले, पंखा संथ फिरतोय, काळा चष्मा लावून आत्या पडलेल्या. डोळ्यांत औषध घातलं की त्यांना गुंगी यायची, आणि वाचता वाचता मलाही. मग त्या परक्या शहरातल्या नद्या आमच्या खोलीतून वाहायला लागायच्या. मध्येच आत्या विचारायच्या, "तिकडं बी जवारी पेरत्यात का गं?"

"भात असतो, आत्या."

"मग भाकर न्हाय? अवघड हाय."

मला हसू यायचं. फार गोड होत्या त्या दुपारी.

एके दिवशी एक कथा आली. नदीकाठी भाजलेली माणसं पाणी मागतायत. सैनिक ओरडतायत, पाणी देऊ नका, मरतील. एक पोरगी तरीही ओंजळीनं एका बाईला पाणी पाजते. बाई पिते आणि मान टाकते. पोरगी म्हातारी झाली तरी तिचं मन तिला खातं, मीच मारलं म्हणून.

आत्या उठून बसल्या. "थांब. पाणी दिलं, तरी मेली?"

"हो."

तरुणपणी आत्या आणि त्यांची धाकटी जाऊ तेरखेड्याला फटाक्यांच्या शेडमध्ये कागदी नळ्या वळायला जायच्या. शेड पेटली त्यात जाऊ गेली, एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं आत्यांनी आत्ता सांगितलं. जीप येईपर्यंत जावेचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. "आक्का, पाणी," एवढंच ती म्हणत होती. शेजारी भरलेली घागर होती. पण भाजलेल्याला पाणी पाजू नये, असं आपल्याकडंही मानतात, आणि भोवतीच्या बायकांनी तेच बजावलं. आत्यांनी तिचे ओठसुद्धा ओले केले नाहीत. ती वाचावी म्हणून.

मला रडू आवरेना. "तुमचा काय दोष, आत्या?" म्हणत मी त्यांचा हात धरला. त्यांचं लक्षच नव्हतं.

"ती पोरगी जित्ती हाय का गं?"

"गोष्टीतली आहे ती, आत्या."

"असंल कुठंतरी. तिला सांगाय पायजे, बाई, लई चांगलं केलंस. तुझी तहानलेली तर न्हाय गेली."