हिरव्या बाटल्यांचा वाफा

पूर्णा स्टेशनसमोरच्या दारूच्या दुकानात डावीकडची दुसरी फळी माझी होती. म्हणजे फळी दुकानदाराचीच, पण तिच्यावरच्या हिरव्या बाटल्या माझ्याइतक्या इमानाने गावात दुसरं कोणी नेत नव्हतं. त्या बिअरचं नाव इथे लिहीत नाही. ज्या कंपनीने मला असं वाऱ्यावर सोडलं तिची फुकट जाहिरात करायची मला हौस नाही. एवढंच सांगतो, की ती हलकी होती, जरा कडसर, आणि एक मोठी बाटली दोघांत घेतली तर तासभर पुरायची आणि डोकं जागेवर राहायचं.

मी तेव्हा तिकीट खिडकीवर होतो. जाळीमागे बसून लोकांवर खेकसायची सवय लागली की ती घरीही सुटत नाही. बायको म्हणायची, "मी काय तिकीट मागायला आले का?" तरी महिन्याचा शेवटचा रविवार त्यातल्या त्यात बरा जायचा. त्या दिवशी थोरला भाऊ पालमकडच्या आमच्या खेड्यातून एसटीने यायचा. मी सकाळीच बाटली रांजणात सोडून ठेवायचो. दुपारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात बाज टाकायची, दोन पेले, भाजलेले शेंगदाणे. आणि एक कायदा: बाटली संपेपर्यंत गावाचा विषय नाही, विद्यापीठाचा विषय नाही. बाटली संपली की जेवण, जेवण झालं की पाचची एसटी. कायदा मीच केला होता, आणि का केला तेही सांगितलंच पाहिजे.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावातला बौद्धवाडा भरदुपारी जाळला. मी इकडे पूर्णेत ड्युटीवर. तिसऱ्या दिवशी माझ्या खिडकीसमोर त्या वाड्यातला एक माणूस उभा राहिला. चौथीपर्यंत आम्ही एका शाळेत होतो. मागे बायको, दोन लेकरं आणि काळी पडलेली एक पत्र्याची पेटी.

"कुठलं देऊ?" मी विचारलं.

"कुठलंबी द्या. ही गाडी जिथवर जाती तिथलं."

मी मनमाडची तिकिटं दिली आणि जाळीला तोंड लावून हळूच विचारलं, "कुणी केलं रे हे?"

त्याने तिकिटं मोजून मुठीत धरली. मग म्हणाला, "तुमच्या दादाला इचारा."

मागचा माणूस पुढे रेटायला लागला, मी त्याच्यावर ओरडलो, आणि तेवढ्यात हा लेकरांना घेऊन गेलासुद्धा.

दिवाळीनंतर दादा आला. मी विचारलं नाही. बाटली काढली, पेले भरले आणि म्हणालो, "दादा, हितं बसल्यावर गावाचं काय बोलायचं न्हाई, त्या इद्यापीठाचंबी न्हाई." तो लगेच "बरं" म्हणाला. एरवी कोणत्याही गोष्टीला तासभर फाटे फोडणारा माणूस, पण तेव्हा एका शब्दात कबूल झाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं असणारच, पण बिअर थंड होती.

गावी जाणं मात्र मी त्या वर्षापासून सोडलं. त्याआधी जाताना पिशवीत नेहमी दोन-तीन रिकाम्या बाटल्या असायच्या. जाड काच, निमुळता गळा, वर मक्याच्या बुरकुंडाचं, म्हणजे दाणे काढलेल्या कणसाचं, बूच ठोकलं की थेंब सांडत नसे. घरी रॉकेलला मीच नेलेली बाटली असायची, आणि वहिनी ती शेजारणींना दाखवायची. जाणं बंद झाल्यावर बाटल्या माझ्याकडेच साठू लागल्या. मग मी अंगणात सदाफुलीचा वाफा केला आणि त्याच्या कडेने बाटल्या उलट्या पुरल्या, गळा जमिनीत, बूड वर. एक ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. उन्हात ती हिरवी बुडं अशी चमकायची की रेल्वेचे साहेब लोकसुद्धा थांबून बघायचे. मला त्या वाफ्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

आणि मग, बारा-तेरा वर्षांनी, एका शनिवारी डावीकडची दुसरी फळी रिकामी दिसली.

"येईल पुढच्या आठवड्यात," दुकानदार म्हणाला. हा माणूस मला आधीपासूनच आवडत नसे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. दिवसभर दारू विकायचा आणि स्वतः थेंबाला शिवायचा नाही. गिऱ्हाइकाकडे असा बघायचा, जणू औषध देतोय आणि रोग आपल्याला माहीत आहे. पुढचा आठवडा आला, त्याच्या पुढचा आला. फळीवर तपकिरी बाटल्या दिसायला लागल्या. त्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, की ही कडक आहे. कडक म्हणे! बिअर आहे की मास्तर?

नाइलाजाने तीच नेली. त्या रविवारी अर्ध्या पेल्यातच दादाचे डोळे लाल झाले. कायदा गेला उडत. पेला बाजेवर आपटून तो म्हणाला, "तुमच्या त्या इद्यापीठाचं नाव अजून बदलंना, मंग घरं कशापायी जळाली? सांग की, तू शिकलेला हायस." मी एका झटक्यात उरलेली बाटली सदाफुलीत ओतली. त्याला बोलायचं होतं आणि मला ऐकायचं नव्हतं. तो जेवून लवकर निघाला. वाफ्यातली दोन झाडं नंतर वाळली. ती त्या कडक बिअरनेच मेली असं मी आजही म्हणतो.

आता मला ती हलकी बिअर हवी होती, तहान म्हणून नव्हे. तिच्याशिवाय पुढचा रविवार निभणार नाही हे मला स्वच्छ दिसत होतं. दादाने तोंड उघडलं की खिडकीसमोरच्या माणसाने सांगितलेला तो प्रश्न आलाच. मी दुकानदाराच्या मागे हात धुऊन लागलो. रोज ड्युटी सुटली की जायचं आणि भांडायचं. तू माल दडवतोस. तू कडकवाल्यांना विकला गेलास. तुला हलकं पिणारा भला माणूस बघवत नाही. एक दिवस तर गिऱ्हाइकं उभी असताना मी त्याच्या विभूतीवर घसरलो. ते बोलणं इथे लिहायची मला लाज वाटते.

त्याने गल्ला बंद केला, शांतपणे.

"बाबू, कवापासून बोंबलायलाव? ऐका जरा. डेपोवाला म्हणतो, खाली बाटल्याचं खोकं आण अन् भरलेलं ने. त्या हिरव्या बाटलीची एकबी खाली माझ्याकडं वापस येत न्हाई. मी काय माती देऊ त्याला?"

"लोक परत करत नाहीत त्याला मी काय करू?"

"लोक?" तो दुकानाबाहेर आला. "चला. लोक दाखवतो तुमाला."

भर दुपारी रूळ ओलांडून तो मला माझ्याच क्वार्टरच्या मागे घेऊन आला आणि कुंपणावरून बोट केलं. तीन ओळी, हिरव्यागार, एक बूड फुटलेलं नाही. आजूबाजूच्या चार बायका बघत होत्या. मी म्हणालो, "वाफ्याला शोभा येते." याहून मूर्ख वाक्य मी जन्मात बोललेलो नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. त्याने एवढंच म्हटलं, "येती की. लय शोभा येती," आणि तो गेला.

दोन दिवस मी पहार घेऊन वाफा खणला. बायको म्हणाली, वेड लागलं. बाटल्यांचे गळे मातीने गच्च भरलेले, काहींत मुळं शिरलेली, काहींत गोम. धुतल्या, पोत्यात भरल्या आणि दुकानात नेऊन आपटल्या. त्याने एक उचलली, गळ्यात बोट घातलं, ठेवली.

"डेपोत चालत न्हाईत अशा. अन् आता नेऊनबी उपेग न्हाई, बाबू. कंपनीनंच बंद केली हलकी. लोकाला चढणारी पायजे."

पोतं परत आणून अंगणात टाकलं.

रविवारी दादा आला. रांजणात काही नव्हतं. मी बाज टाकली, शेंगदाणे ठेवले, आणि आम्ही कोरडे बसलो. पेल्याशिवाय माझ्या हातांना काही काम नव्हतं. त्याने उकरलेला वाफा बघितला.

"हे काय करून ठेवलंस?"

"बिअर मिळंना झाली. बाटल्या वापस देणार व्हतो. घेत न्हाईत."

त्याने पोत्यातली एक बाटली काढली, धोतराच्या सोग्याने पुसली, उजेडाला धरली, आणि खेड्यातल्या सवयीने तोंडाला नाक लावून वास घेतला. मग एकदम खाली ठेवली. त्याचा चेहरा मी पाहिला आणि आता पळायला जागाच उरली नाही.

"दादा, त्या दिवशी तू काय केलतंस?"

कोणत्या दिवशी, हे त्याने विचारलं नाही.

"काडी मी न्हाई लावली," तो म्हणाला. "आईची आन."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. तेवढ्यावर थांबला असता तर मी त्याला मिठी मारली असती. पण तो थांबला नाही.

"मागायला आलते. चार-पाच जण, गावातलेच. रॉकेल हाय का म्हणले. कशाला पायजे ते मला मालूम व्हतं. न्हाई म्हणलो असतो तर काय झालं असतं ते मालूम न्हाई. म्हणलोच न्हाई. देलं घरातलं." त्याने पायाने ती बाटली थोडी सरकवली. "असल्याच बाटलीत."

ती बाटली मी नेली होती. पूर्णेहून, टॉवेलात गुंडाळून, फुटू नये म्हणून मांडीवर धरून. मी उठलो आणि थोरल्या भावाला जे बोलू नये ते सगळं बोललो. आवाज ऐकून बायको ताटं हातात धरून दारात उभी राहिली. तो ऐकत राहिला. एकदाही उलटून बोलला नाही, त्याचा मला आणखी संताप आला. शेवटी मी म्हणालो, "ऊठ. पाचपर्यंत थांबू नको."

तो न जेवता उठला. चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तवाच इचारायला पायजे व्हतं तू. मी सांगितलं असतं. दर बारीला वाट बघायचो, आज इचारशील म्हणून. तू पेला भरायचास."

मग तो गेला. नंतर आम्ही लग्नकार्यात भेटलो, बोललो नाही. सदाफुली तशीच वेडीवाकडी वाढली, कडेला मी पुन्हा काही लावलं नाही.

लोकांची घरं कोणी जाळली हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना तावातावाने सांगत आलो. खिडकीसमोरच्या त्या माणसाने मला एकच काम सांगितलं होतं, दादाला विचारायचं. ते करायला मला तेरा वर्षं लागली, आणि तेही दुकानात बिअर मिळाली नाही म्हणून.